रक्त जातं कसं आणि परत येतं कसं: हृदयाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये मी विज्ञान शिकवतो. दहावीला हृदयाचा पाठ आला की आदल्या संध्याकाळी मटणाच्या दुकानातून बकऱ्याचं अख्खं हृदय आणतो आणि वर्गात टेबलावर कापून दाखवतो. त्या तासाला पोरं जे विचारतात ते, आणि नंतर पालकसभेत, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत लोक जे विचारतात ते, असं सगळं इथे एकत्र केलंय. मी डॉक्टर नाही. औषधगोळ्यांचं कुणी विचारलं तर मी हात जोडतो, इथेही तेच.

काळीज म्हणजे हृदय की यकृत?

घरात हृदय, मटणाच्या दुकानात यकृत. पहिल्या वर्षी मी दुकानात जाऊन ऐटीत म्हणालो, "एक काळीज द्या." दुसऱ्या दिवशी वर्गात डबा उघडला तर आत पाव किलो कलेजी. पुढच्या बाकावरची पोरगी म्हणाली, "सर, ह्याला कप्पे कुठं आहेत ओ?" तेव्हापासून दुकानात "दिल द्या, चिरू नका" असं सांगतो. मराठीतला हा गोंधळ मात्र अगदीच वेडगळ नाही. रक्त यकृतात तयार होतं असं युरोपात हजार-दीड हजार वर्षं मानलं जात होतं. त्याबद्दल पुढे येईलच.

हृदय किती मोठं असतं? ते खरंच डावीकडे असतं का?

ज्याच्या त्याच्या मुठीएवढं. मोठ्या माणसाचं वजन साधारण २५० ते ३५० ग्रॅम. असतं छातीच्या मधोमध, दोन फुप्फुसांच्या बेचक्यात. खालचं टोक डावीकडे कललेलं असतं आणि ठोका त्या टोकाशी जास्त जाणवतो, म्हणून आपण हात डावीकडे ठेवतो.

एकाच पंपात चार कप्पे कशाला?

कारण तो एक पंप नाही. एकाच भिंतीला पाठ लावून बसवलेले दोन पंप आहेत.

राकसकोप धरणाचं पाणी आधी हिंडलग्याच्या पंपिंग स्टेशनातून वर चढवतात, ते शुद्ध होतं आणि मग बेळगाव शहराच्या नळांना येतं. शरीरातही रक्ताला आधी शुद्ध व्हायला पाठवायचं आणि मग वाटायचं, अशी दोन कामं आहेत. उजवा पंप शरीरभर फिरून आलेलं, ऑक्सिजन कमी झालेलं रक्त फुप्फुसांकडे ढकलतो. डावा पंप फुप्फुसांतून आलेलं ताजं रक्त डोक्यापासून अंगठ्यापर्यंत पाठवतो. प्रत्येक पंपाला वर एक गोळा करणारा पातळ कप्पा आणि खाली एक दाबणारा जाड कप्पा. पुस्तकं वरच्याला अलिंद आणि खालच्याला निलय म्हणतात. काही पुस्तकांत कर्णिका आणि जवनिका असे शब्द सापडतील. परीक्षेला आपल्या पुस्तकातले लिहा, इथे मी वरचा कप्पा, खालचा कप्पा असंच म्हणणार आहे.

रक्ताचा एक थेंब घेऊ. पायाकडून किंवा डोक्याकडून मोठ्या शिरेने तो उजव्या वरच्या कप्प्यात येतो. तिथून झडपेतून उजव्या खालच्या कप्प्यात. तो कप्पा आवळला की फुप्फुसांत. तिथे हवेतला ऑक्सिजन घेतला, कार्बन डायऑक्साइड सोडला, की तो डाव्या वरच्या कप्प्यात येतो, तिथून डाव्या खालच्या कप्प्यात आणि मग एका जोरात महाधमनीत. तिच्या फांद्या, फांद्यांच्या फांद्या, शेवटी केसाहून कितीतरी बारीक केशवाहिन्या. त्यातून पलीकडे निघालं की पुन्हा शिरा, आणि पुन्हा तोच उजवा वरचा कप्पा. स्वस्थ बसलेल्या माणसात ही फेरी साधारण एका मिनिटाची.

बकऱ्याचं हृदय आडवं कापलं की दोन पंपांमधला फरक डोळ्यांनी दिसतो. उजव्या खालच्या कप्प्याची भिंत बोटाने दाबली की वाकते. डाव्याची भिंत तिच्या सुमारे तिप्पट जाड, घट्ट, कच्च्या पेरूसारखी. उजव्याला शेजारच्या घरी जायचंय, डाव्याला गावभर. पण दोघेही एका ठोक्याला सारखंच रक्त टाकतात. एकाने थोडं जरी जास्त टाकलं आणि दुसऱ्याने कमी, तर रक्त मध्येच कुठेतरी तुंबेल. डावी बाजू दमली की फुप्फुसांत पाणी साचून धाप लागते आणि उजवी दमली की पायांवर सूज येते, ती यामुळेच.

नळाच्या पाण्याचं उदाहरण मात्र इथेच संपतं. राकसकोपचं पाणी आपण वापरतो आणि गटारात सोडतो. रक्त परत येतं. या पानावर मला खरं म्हणजे एवढीच गोष्ट सांगायची आहे, बाकीचं तिच्या आजूबाजूचं आहे.

पुस्तकातल्या आकृतीत डावी बाजू उजवीकडे का असते?

आकृती म्हणजे तुमच्यासमोर तोंड करून उभा असलेला माणूस. त्याचा डावा हात तुमच्या उजव्या हाताला येतो. आकृती वही उलटी करून नाही, छातीवर धरून बघा, बाहेरच्या बाजूला तोंड करून. लगेच जुळते. दरवर्षी चार-पाच पोरं नावं उलटी लिहून गुण घालवतात आणि एकदा घाईत फळ्यावर मीही उलटी लिहिली होती.

रक्त मागे का येत नाही?

हा प्रश्न उद्यमबागेत, इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, काम करणाऱ्या एका वडिलांनी विचारला होता, आणि उत्तर त्यांच्याच हातातलं होतं. विहिरीवरच्या मोटरीला खाली फुटवॉल असतो. मोटर बंद झाली तरी पाइपातलं पाणी विहिरीत परत पडत नाही. फुटवॉल गळायला लागला की मोटर हवा धरते आणि पुन्हा पाणी भरत बसावं लागतं. हृदयात असे चार आहेत. प्रत्येक बाजूला वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये एक, आणि खालच्या कप्प्यातून बाहेर पडायच्या तोंडावर एक. या झडपांना ना स्प्रिंग, ना वायर, ना स्वतःचा स्नायू. मागून दाब आला की उघडतात, पुढून आला की मिटतात.

वर्गात हे मी असं दाखवतो. महाधमनीचा जाड पांढरा नळा वर धरायचा आणि त्यात ग्लासाने पाणी ओतायचं. पाणी खाली हृदयात उतरत नाही. वरून डोकावलं की तीन पातळ पडदे सदऱ्याच्या खिशांसारखे पाण्याने फुगून एकमेकांना टेकलेले दिसतात. इतके पातळ की त्यांच्यामधून उजेड दिसतो. मात्र थोडं पाणी हळूहळू कमी होतं. "सर, तुमची झडप गळायला लागली," असं कुणीतरी हमखास म्हणतं. ती गळत नाही. झडपेच्या लगेच वर नळ्याच्या भिंतीला दोन बारीक भोकं आहेत, पाणी तिकडून जातं. ती भोकं लक्षात ठेवा, पुढे त्यांचंच काम आहे.

आतल्या मोठ्या झडपांना खालून पांढऱ्या दोऱ्या बांधलेल्या असतात. आंबोलीकडून वारा आला की आपली छत्री उलटी होते. खालचा कप्पा आवळतो तेव्हा झडप तशी वर उलटी होऊ नये म्हणून त्या दोऱ्या. बोटाने ओढून बघा, सहज तुटत नाहीत.

डॉक्टर कानाला लावून ऐकतात ते नेमकं काय?

झडपा मिटल्याचा आवाज. पहिला 'लब' हा वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या झडपांचा, दुसरा, जरा आखूड 'डप' हा बाहेर जायच्या दारांचा. झडप नीट मिटली नाही किंवा अरुंद झाली तर मध्ये फुसफुस ऐकू येते. लहानपणी घसा धरून येणारा एक प्रकारचा ताप, संधिवाताचा ताप म्हणतात तो, झडपांना कधीकधी कायमचं चिकटवून जातो. म्हणून पोरांचा घसा आणि सांधे एकापाठोपाठ दुखले तर लिंबू-मिठाच्या गुळण्यांवर भागवू नये.

ठोका कोण देतं? मेंदू का?

नाही. उजव्या वरच्या कप्प्याच्या भिंतीत काही खास पेशींचा पुंजका आहे, तो स्वतःच ठराविक वेळाने विजेचा बारीक झटका सोडतो. झटका वरच्या कप्प्यांतून पसरतो, ते आवळतात. मग मधल्या एका नाक्यावर तो सेकंदाच्या दहाव्या भागाइतका अडतो आणि मगच खाली जातो. हे अडणं फार महत्त्वाचं. तेवढ्यात वरचे कप्पे आपलं रक्त खाली देऊन मोकळे होतात.

मेंदूच्या नसा फक्त वेग कमी-जास्त करतात. सायकलवर पोर बसलंय, पायडल तेच मारतंय, आपण नुसतं "हळू रे" किंवा "पळव" म्हणतोय, तसं. हृदय बदलताना या नसा तुटतात, तरी नवं हृदय चालतंच. पहिलं मानवी हृदयारोपण डिसेंबर १९६७ मध्ये केपटाउनला झालं, त्या आधीपासून बेडकाचं काढलेलं हृदय मिठाच्या पाण्यात ठोके देत राहतं हे प्रयोगशाळांतून सगळ्यांनी पाहिलेलंच होतं. ईसीजीच्या कागदावर उमटते ती याच झटक्याची वाट.

हृदय जन्मभर एक क्षणही विश्रांती घेत नाही, खरं?

भाषणात ऐकायला बरं वाटतं, पण खरं नाही. मिनिटाला ७५ ठोके धरले तर एका ठोक्याला ०.८ सेकंद मिळतात. त्यातले ०.३ सेकंद खालचे कप्पे आवळतात, उरलेले ०.५ सेकंद सैल असतात. म्हणजे चोवीस तासांतले पंधरा तास ते सैल पडलेले असतात. इतकी सुट्टी आम्हा मास्तरांनाही नाही.

पण त्या सैल पडण्यातच कप्पे भरतात. आणि आश्चर्य असं की खालचे कप्पे बहुतेक आपोआप, झडप उघडल्याबरोबरच भरतात. वरच्या कप्प्यांचं आवळणं म्हणजे डब्यात चुरमुरे भरून झाल्यावर वरून एकदा हाताने दाबतो ना, तेवढंच.

'काळजाचा ठोका चुकला' म्हणतात, तो खरंच चुकतो का?

बहुतेक वेळा चुकत नाही, लवकर येतो. मधेच एखादा ठोका वेळेआधी पडतो. कप्पा अजून भरलेला नसतो म्हणून तो ठोका कळतही नाही. मग पुढच्या ठोक्याआधी नेहमीपेक्षा लांब थांबा पडतो, तेवढ्यात कप्पा जास्त भरतो आणि पुढचा ठोका धाडकन छातीवर आदळतो. हृदयाच्या स्नायूचा स्वभावच असा की जास्त ताणला की जास्त जोराने आवळतो. आलेलं जितकं जास्त, तितकं पुढे धाडायचं, हिशेब बाकी ठेवायचा नाही.

निरोगी माणसालाही अधूनमधून असं होतं. वारंवार होत असेल, सोबत चक्कर किंवा धाप असेल, तर ईसीजी काढा.

हा पंप किती हॉर्सपॉवरचा?

शेतकऱ्याचा प्रश्न. त्यांना वाटलं होतं, मी निदान एक तरी म्हणेन. स्वस्थ बसलेल्या माणसाचं हृदय रक्ताला जी ताकद देतं ती जेमतेम एक वॅट. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. देवघरातला बारीक एलईडी दिवा जेवढी वीज खातो तेवढ्यावर माणसाचं रक्त फिरतं.

पण थांबत नाही, यात त्याची करामत. एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर, म्हणजे आपल्याकडच्या कटिंग चहाएवढं. मिनिटाला पाच लिटर. दिवसाला एक लाख ठोके आणि सात हजार लिटर, पाण्याच्या पाच हजार लिटरच्या टँकरने दीड टँकर. अंगात मुळात रक्त मात्र पाचच लिटरच्या आसपास. येळ्ळूरचा राजहंसगड पायी चढायला लागलात की हेच पाच लिटर मिनिटाला चारदा फिरवावे लागतात आणि त्यातला मोठा वाटा पोटाकडून काढून मांड्यांकडे वळवला जातो. पोटभर जेवून चढलात तर दोघांचं भांडण लागतं.

तालमीतल्या पोरांची नाडी बसल्या जागी पन्नासच्या खाली सापडते. घाबरायचं नाही, त्यांचा कप्पा मोठा होतो आणि एका ठोक्याला जास्त रक्त जातं.

बीपीचे दोन आकडे कशाचे?

१२०/८० मधला वरचा आकडा हृदय आवळतं तेव्हाचा दाब, खालचा ते सैल असतं तेव्हाचा. सरकारी दवाखान्यात कन्नडमध्ये 'रक्तदोत्तड' असं लिहिलेलं असतं ते हेच.

लोक नेहमी पुढचं विचारत नाहीत, मी विचारतो. हृदय सैल पडलं की दाब शून्य का होत नाही? मोटर बंद केली की पाइपाचं पाणी थांबतं, मग दोन ठोक्यांच्या मध्ये रक्त कसं वाहत राहतं? पं. रामभाऊ विजापुऱ्यांच्या बेळगावात हे पेटीवरून सांगता येतं. पेटीचा भाता आपण थांबून थांबून मारतो, सूर मात्र अखंड येतो. कारण आत आणखी एक भाता असतो, तो हवा साठवतो आणि स्प्रिंगच्या जोरावर सोडत राहतो. महाधमनी हा तो आतला भाता. ठोक्याबरोबर ती रबरासारखी फुगते आणि हृदय सैल पडल्यावर आवळून तेच रक्त पुढे ढकलते. बकऱ्याच्या महाधमनीची कडी कापून दोन बोटांत ताणली की रबरबँडसारखी परत येते.

वय वाढलं, बीपी वर्षानुवर्षं चढं राहिलं, तंबाखू चालू राहिला, की ही कडी कडक होते. मग वरचा आकडा चढतो. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजून १४०/९० किंवा त्याहून जास्त येत राहिलं तर ते वाढलेलं बीपी. एका दिवसाच्या आकड्यावर, त्यातही जिना चढून आल्या आल्या मोजलेल्या, रडू नये.

दाब पहिल्यांदा मोजला तो स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्याने, १७३३ मध्ये ते छापलं. घोडीच्या धमनीला त्याने काचेची उभी नळी जोडली, रक्त आठ फुटांहून वर चढलं. माणसाचा १२० पारा, म्हणजे नळीत १२० मिलिमीटर उंच चढणारा पारा, पाण्याच्या भाषेत पाच-साडेपाच फूट. आपल्याकडे पारा वापरतात तो फक्त नळी आखूड करण्यासाठी.

पायातलं रक्त वर कसं चढतं? खाली तर पंप नाही.

वडगावच्या एका आईने विचारलं. नवराबायको दोघं विणकामाच्या मागावर, दिवसभर उभं काम. संध्याकाळी पाय सुजतात, पोटऱ्यांवर निळ्या गाठींच्या शिरा. "बसून काम करणाऱ्यांचं असं होत नाही, आम्हीच काय पाप केलंय ओ?"

केशवाहिन्यांतून बाहेर पडेपर्यंत हृदयाने दिलेला दाब जवळजवळ संपलेला असतो. धरणाच्या फुगवट्यात नदी पसरून मंद होते, तसं रक्त त्या अब्जावधी नळ्यांत मंदावतं आणि त्यातच देवघेव होते. पुढे परतीची वाट चढणीची. ती चढण तीन गोष्टी पार करून देतात. शिरांमध्ये थोड्या थोड्या अंतरावर झडपा आहेत, वर जाऊ देतात, खाली येऊ देत नाहीत. पोटरीचा स्नायू चालताना आवळला की मधली शीर पिळली जाते आणि रक्त वरच्या झडपेपलीकडे जातं. आणि श्वास आत घेतला की छातीतला दाब कमी होऊन रक्त वर ओढलं जातं.

म्हणून नुसतं उभं राहणं हे चालण्यापेक्षा वाईट. हलल्याशिवाय उभं राहिलं तर घोट्याच्या शिरेतला दाब ९० पारापर्यंत जातो, चार पावलं टाकली की तो तीसच्या आसपास उतरतो. परेडला उभी पोरं धाडकन पडतात ती याच कारणाने, रक्त पायात उतरतं आणि डोक्याला कमी पडतं. त्यांना उभं करू नका, आडवं करून पाय वर करा. मागावरच्या माणसाने दर थोड्या वेळाने टाचा उचलाव्यात, वीस-पंचवीस वेळा. मागाच्या ठेक्यावरही जमतं. त्या आईंनी करून बघितलं, सूज कमी झाली म्हणाल्या, गाठी मात्र आहेत तशा आहेत. झडप एकदा सैल झाली की व्यायामाने पुन्हा घट्ट होत नाही.

रक्त तेच तेच फिरतं हे कुणी आणि कसं शोधलं?

आपल्या चिकोडीकडे उसाला पाटाने पाणी देतात. पाणी सरीत जातं, जमीन पिते, परत येत नाही, दुसऱ्या दिवशी नवं लागतं. गेलन या दुसऱ्या शतकातल्या ग्रीक वैद्याचं मत असंच होतं. यकृत अन्नापासून रक्त तयार करतं, अवयव ते पितात, संपतं. पुढची कितीतरी शतकं हेच शिकवलं गेलं. तेराव्या शतकात इब्न अल-नफीस या अरब वैद्याने निदान एवढं लिहिलं की उजवीकडचं रक्त मधल्या भिंतीतून नाही, फुप्फुसांतून फिरून डावीकडे येतं.

विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरने काय केलं, तर गुणाकार. एका ठोक्याला इतकं रक्त, अर्ध्या तासात इतके ठोके. आकडा त्याने मुद्दाम कमी धरला, तरी अर्ध्या तासात निघणारं रक्त अंगातल्या सगळ्या रक्ताहून जास्त भरलं. आपण आजचे आकडे घेतले तर तासाला ३०० लिटर. कोणतं यकृत रोज एवढं रक्त बनवेल, आणि माणसाने खायचं तरी किती? म्हणजे तेच रक्त परत येतंय. १६२८ मध्ये त्याने हे छापलं. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे, की शोध लावायला लागला तो पाचवीतला गुणाकार.

पुरावाही त्याने सोपा दिला आणि तो आम्ही दरवर्षी करतो. आमचे शिपाई मामा बारीक अंगाचे, हातावर शिरा दोरखंडासारख्या. मामा खुर्चीत बसतात, बाही वर करतात, दंडाला रुमाल बांधतो, फार घट्ट नाही. मिनिटभरात हाताच्या शिरा फुगतात आणि त्यावर मधे मधे बारीक गाठी दिसतात. गाठ दिसली की तिथे झडप. मग एक बोट शिरेवर मनगटाकडे दाबून ठेवायचं आणि दुसऱ्या बोटाने तिथून शीर वर, कोपराकडे, पुढच्या गाठीच्या पलीकडे पुसत न्यायची. वरचं बोट उचला. मधला तुकडा रिकामाच राहतो, चपटा. वरून रक्त खाली येत नाही, गाठीशी अडतं. आता मनगटाकडचं बोट उचला. सुर्रकन शीर खालून भरते.

पोरं आपापल्या हातावर करत बसतात, तास संपल्याचं कुणाला कळत नाही. मामा दरवर्षी तेच म्हणतात, "झालं का सर? रुमाल सोडा, मुंग्या आल्या."

या गाठी पादुआला हार्वेचे गुरू फॅब्रिशियस यांनी दाखवल्या होत्या, पण त्यांनी त्याचा अर्थ वेगळा लावला. पायात रक्त एकदम साचू नये म्हणून असतील, असं त्यांना वाटलं. वस्तू तीच, बघणारा बदलला. एक कडी मात्र हार्वेलाही मिळाली नाही. धमनीतून शिरेत रक्त नेमकं कुठून जातं? ते १६६१ मध्ये मालपिगी या इटालियनाने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. हार्वे त्याच्या चार वर्षं आधी वारला होता.

शिरेतलं रक्त निळं असतं ना?

नाही. गडद लाल. रक्तदान केलेलं असेल तर पिशवी आठवा. निळं दिसतं ते कातडीतून उजेड जाऊन परत येतो त्याची गंमत. आकृतीत निळा रंग देतात तो सोयीसाठी.

हृदयात एवढं रक्त असतं, मग त्याला रक्त कमी कसं पडतं?

कप्प्यातलं रक्त त्याच्या स्वतःच्या जाड भिंतीला फारसं उपयोगी नाही. बँकेत रोख मोजणाऱ्याला त्यातून खर्च करता येत नाही, पगार वेगळा यावा लागतो. पाणी ओतताना महाधमनीच्या भिंतीला दोन भोकं दिसली होती, तिथून निघणाऱ्या दोन धमन्या हृदयाच्या अंगावरून पसरतात आणि त्याला पोसतात. त्यातही गंमत अशी की स्नायू आवळलेला असताना त्याच्याच आतल्या वाहिन्या पिळल्या जातात. डाव्या कप्प्याच्या भिंतीला रक्त मिळतं ते मुख्यतः सैल पडल्यावर. वर सांगितलेली पंधरा तासांची सुट्टी ही अशी जेवणाची सुट्टी आहे. नाडी फार पळायला लागली की कापली जाते ती हीच सुट्टी.

त्या धमनीत चरबीचा थर साचून त्यावर रक्ताची गाठ अडकली की पलीकडचा स्नायू उपाशी मरायला लागतो. हा हार्ट अटॅक. निपाणीचा भाग तंबाखूवर उभा राहिला हे मला माहीत आहे, माझे मामाही त्यातलेच. तरीही सांगतो, विडी असो की तंबाखू, निकोटिन वाहिन्या आवळतं आणि नाडी पळवतं.

अटॅक आला आणि हृदय बंद पडलं, यात फरक काय?

अटॅक म्हणजे पाइप तुंबला. माणूस बहुधा शुद्धीवर असतो, छातीत दाबल्यासारखं दुखतं, घाम फुटतो, कळ हातात, जबड्यात, पाठीत जाते. साखरेच्या रुग्णाला आणि बायकांना कधी दुखतही नाही, नुसती धाप आणि मळमळ. 'गॅस झालाय' म्हणत सोडा पीत बसण्यात जो तास जातो, तो परत मिळत नाही. १०८ लावा. कन्नड येत नसेल तरी दोन शब्द पाठ ठेवा, 'एदे नोवु', छातीत दुखतंय. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातही ईसीजी निघतो. २९ ऑक्टोबर २०२१ ला कन्नड सिनेनट पुनीत राजकुमार हार्ट अटॅकने वयाच्या ४६ व्या वर्षी गेले, त्यानंतर त्यांच्या नावाने राज्य सरकारने हृदयज्योती योजना काढली, गाठ विरघळवणारं इंजेक्शन तालुक्यालाच मिळावं म्हणून.

हृदय बंद पडणं म्हणजे वीज बिघडली. माणूस कोसळतो, हाक ऐकत नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके. तेव्हा छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबायचं, मदत येईपर्यंत. आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. लोक घाईत हेच विसरतात. वर आली तरच आत रक्त परत येतं, नाहीतर पुढच्या वेळी रिकामा कप्पा दाबत बसाल.

शाळेत हा प्रयोग करायचा तर काय बघून आणायचं?

सकाळी दुकान उघडताना जा, चिरण्याआधी सांगा, आणि वरचा पांढरा नळा निदान बोटभर ठेवायला लावा. तो मुळाशी कापला की झडपच जाते. आणल्यावर नळाखाली धरून आतली गोठलेली गुठळी धुऊन काढा, नाहीतर पाणी अडतं आणि झडप मिटल्यासारखं उगाच वाटतं. जी मुलं घरी मटण खात नाहीत त्यांना आधी विचारा, बळजबरी नको. त्यांना मामांच्या हाताजवळ बसवा.

आणि तास झाल्यावर त्या हृदयाचं काय करता?

शाळेमागच्या पेरूखाली पुरतो. गेल्या वर्षी खड्डा उथळ झाला आणि कुत्र्याने उकरलं. यंदा मामांनी स्वतः कुदळ घेतली, गुडघाभर खणलं, वर दगड ठेवला, आणि हात धुऊन आल्यावर आपली बाही खाली केली.